पाहुणा दिवसाचा की मुक्कामाचा?

(शहरांचा वारसा आणि प्रादेशिक पर्यटन संघ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



पर्यटनाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो, जाहिरात करा, पाहुणे येतील, चार पैसे येतील. दुसरा पक्ष म्हणतो, तीर्थक्षेत्रांचा आणि वारशाचा बाजार मांडू नका. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु शहराच्या कारभाऱ्यांपुढे हा प्रश्न येतो तो वेगळ्याच स्वरूपात. शेजारचे चार-पाच जिल्हे एकत्र येऊन पर्यटनाच्या प्रचारासाठी संयुक्त संस्था स्थापन करतात. सर्वांचे मिळून एक बोधचिन्ह, एक नकाशा आणि परदेशातील प्रदर्शनात एक दालन. मग शहराला निरोप येतो : वर्गणी भरा आणि सामील व्हा. सामील व्हावे काय? झाल्यास कोणत्या अटींवर? हा निर्णय केवळ अभिमानाच्या भरात घेता येत नाही आणि केवळ जमाखर्चाच्या वहीवरूनही घेता येत नाही.

जपानमधील नारा या प्राचीन राजधानीपुढे हाच प्रश्न पाच वर्षे उभा होता. त्याची हकीकत आपल्या शहरांना पुष्कळ काही शिकविणारी आहे, म्हणून ती सविस्तर पाहणे योग्य ठरेल.

बोधिसेनाचे नगर

क्योटोच्या आधी जपानची राजधानी नारा येथे होती. इ. स. ७१० ते ७८४ हा तिचा काळ. सम्राट शोमू याने ७४३ मध्ये बुद्धाची भव्य धातुमूर्ती घडविण्याची आज्ञा काढली. त्या आज्ञेतील एक तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोणी एक काडी वा मूठभर माती घेऊन आला, तरी त्याला या कार्यात हातभार लावू द्यावा, असे सम्राटाने त्यात म्हटले होते. आपल्याकडील सेतुबंधाच्या कथेतील खारीची आठवण व्हावी, अशीच ही भावना.

तोदाइ-जी मंदिरातील ही मूर्ती सुमारे पंधरा मीटर उंच आहे. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान मिळाला तो बोधिसेन या भारतीय भिक्षूला. ७३६ मध्ये तो चीनमार्गे जपानला पोहोचला होता. त्याच्या हातातील कुंचल्याला लांबच लांब दोर बांधले होते आणि सोहळ्यास जमलेल्यांनी ते हाती धरले होते. डोळे रेखणारा हात एकच, पण पुण्यात वाटा सर्वांचा. तो कुंचला आणि तो दोर नारातील शोसोइन या कोषागारात आजही जतन करून ठेवलेले आहेत.

अशा नगराला स्वतःच्या थोरवीची जाणीव असणे स्वाभाविक होते. त्या थोरवीतूनच पुढची अडचणही निर्माण झाली.

संध्याकाळी रिकामे होणारे शहर

नारा प्रांतात विमानतळ नाही आणि शिन्कान्सेन ही वेगवान रेल्वेही तेथे थांबत नाही. ओसाका आणि क्योटो ही दोन्ही मोठी शहरे मात्र आगगाडीने पाऊण तासाच्या आसपास. परिणामी प्रवासी सकाळी येतो, महाबुद्धाचे दर्शन घेतो, उद्यानातील हरणांना बिस्किटे भरवितो, छायाचित्रे काढतो आणि दिवस मावळण्यापूर्वी परततो. रात्रीचे जेवण, झोपण्याची खोली, सकाळचा बाजार हा सारा खर्च तो दुसऱ्या शहरात करतो. जपानमध्ये ४७ प्रांत आहेत. मुक्कामासाठी उपलब्ध असलेल्या खोल्यांच्या संख्येत नारा प्रांत वर्षानुवर्षे अगदी तळाला होता.

कान्साई भागात यावर एक बोचरा शब्दप्रयोग रूढ आहे : 'दाइबुत्सु शोहो', म्हणजे महाबुद्धाच्या भरवशावरचा धंदा. बुद्ध बसलेला आहे, त्याच्या दर्शनाला लोक येणारच, मग दुकानदाराने वेगळी हालचाल कशाला करावी, अशा वृत्तीची ही थट्टा आहे. घरात जागृत देव आहे म्हणून अंगण झाडायचेच सोडून द्यावे, तसा हा प्रकार. आपल्याकडील अनेक तीर्थक्षेत्री असणाऱ्यांना हा शब्दप्रयोग परका वाटणार नाही.

याची झळ नेमकी कोणाला बसते? मंदिर आपल्या जागी सुखरूप असते. झळ बसते ती गावातील तरुणांना. स्वयंपाकी, वाटाड्या, हस्तकारागीर, वाहनचालक, लहान खाणावळीचा मालक या सर्वांचे पोट पाहुण्याच्या मुक्कामावर चालते. पाहुणा रात्री थांबला नाही तर कामधंद्यासाठी शेजारच्या महानगराकडे जाण्यावाचून त्या तरुणाला गत्यंतर राहत नाही. वारसा गावात राहतो आणि वारसदार गाव सोडतो.

बाहेर राहण्याची कारणे

१ डिसेंबर २०१० रोजी 'कान्साई प्रादेशिक संघ' अस्तित्वात आला. ओसाका, क्योटो, ह्योगो, शिगा, वाकायामा, तोत्तोरी आणि तोकुशिमा असे सात प्रांत त्यात सामील झाले. कामांची वाटणी चोख होती. आपत्तिनिवारणाचे नेतृत्व ह्योगोकडे, पर्यटन आणि संस्कृतीचे क्योटोकडे, उद्योगवाढीचे ओसाकाकडे, वैद्यकीय सेवेचे तोकुशिमाकडे. २०१२ मध्ये ओसाका, साकाई, क्योटो आणि कोबे ही मोठी शहरेही स्वतंत्रपणे संघात आली. नारा मात्र बाहेरच राहिला. कान्साईचा नकाशा पुढे ठेवला की ऐन मध्यावरचाच प्रदेश संघाबाहेर, असे विचित्र चित्र त्यामुळे दिसू लागले.

नाराने बाहेर राहणे हा निव्वळ हट्ट होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा संघात शिरताना कोणत्याही लहान घटकाला जे प्रश्न पडतात, ते रास्तच असतात. प्रशासनाचा आणखी एक थर उभा राहिला तर अंतिम उत्तरदायित्व कोणाचे? ओसाका प्रांताची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या वर आणि नारा प्रांताची तेरा लाखांच्या घरात. अशा पंक्तीत लहान भावाचा आवाज कितपत ऐकला जाणार? पर्यटनाचे नेतृत्व क्योटोकडे असेल तर जुन्या राजधानीची ओळख नव्या राजधानीच्या सावलीत झाकोळणार नाही काय?

दुसरी बाजूही तितकीच सबळ होती. परदेशातून येणारा पाहुणा प्रांतांच्या सीमा ओळखत नाही. त्याच्याजवळ आठ-दहा दिवस असतात आणि हातात एक नकाशा असतो. ज्या मार्गावर आपले नाव छापलेले नाही, त्या मार्गावर आपण त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. शिवाय याच काळात वारे बदलले. २०१२ मध्ये जपानला सुमारे ८३ लाख परदेशी प्रवासी आले होते. २०१५ मध्ये ती संख्या १ कोटी ९७ लाखांवर गेली. एवढा मोठा प्रवाह दारावरून जात असताना ओंजळ बाजूला ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

अखेर डिसेंबर २०१५ मध्ये नारा प्रांत संघात दाखल झाला. पण तो सर्व विषयांसाठी झाला नाही. आपत्तिनिवारण आणि पर्यटन-संस्कृती-क्रीडा एवढ्याच क्षेत्रांपुरता त्याने सहभाग स्वीकारला. उरलेले विषय आपल्या हाती ठेवले. सहभाग पूर्ण करण्याची भूमिका पुढे २०२३ मध्ये निवडून आलेल्या नव्या प्रांतप्रमुखांनी घेतली. संघात जाणे म्हणजे सर्वस्वाचे दान करणे नव्हे. ज्या कामात दहा हातांची गरज आहे तेवढेच काम सामायिक करावे, हा यातील व्यवहारी धडा आहे.

संघ काय देतो, काय देत नाही

२०१७ मध्ये 'कान्साई टुरिझम ब्युरो' ही संस्था आकाराला आली. स्थानिक शासने आणि उद्योगजगत यांच्या सहभागाची ही संस्था दहा प्रांतांच्या क्षेत्रासाठी परदेशातील प्रचाराचे आणि विस्तृत प्रवासमार्गांच्या आखणीचे काम करते. एकट्या लहान प्रांताला न पेलणारा हा खर्च. तो वाटून घेतला की सर्वांचा भार हलका होतो.

पण प्रचार पाहुण्याला उंबरठ्यापर्यंत आणतो. त्याच्यासाठी पाट-पाणी घरालाच करावे लागते. नारातील खोल्यांची उणीव कोणतेही संयुक्त बोधचिन्ह भरून काढू शकत नव्हते. त्यासाठी प्रांत शासनाला स्वतःच्या जागेवर संमेलन केंद्र आणि हॉटेल यांचे संकुल उभारण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला. तेथील मोठे हॉटेल २०२० मध्ये सुरू झाले, नेमके कोरोनाच्या संकटकाळात. तरीही दूरचा विचार करता ते पाऊल योग्यच होते, कारण २०२४ मध्ये जपानला येणाऱ्या प्रवाशांची संख्या ३ कोटी ६८ लाखांवर पोहोचली.

या गर्दीने क्योटोची काय अवस्था केली, हेही पाहण्यासारखे आहे. तेथील गिओन भागातील रहिवाशांना पर्यटकांच्या उपद्रवाचा इतका जाच झाला, की २०२४ मध्ये त्या वस्तीतील खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद कराव्या लागल्या. म्हणजे एका शहरात माणसांना चालायला वाट नाही आणि पाऊण तासावरच्या दुसऱ्या शहरात संध्याकाळी रस्ते ओस! प्रादेशिक संघाचे खरे प्रयोजन या ठिकाणी स्पष्ट होते. पाहुण्यांची विभागणी झाली तर क्योटोचा श्वास मोकळा होतो आणि नाराची चूल पेटते. लहानाने मोठ्याच्या दारी याचक म्हणून जाण्याचे कारण नाही. गरज दोघांचीही आहे.

नकाशाच्या आधीची वाट

कान्साईला एकत्र बांधण्याची कल्पना शासकीय संघाच्या कितीतरी आधीची आहे. 'साइगोकु' ही कान्नोनच्या तेहतीस मंदिरांची यात्रा आजच्या सात प्रांतांतून जाते. वाकायामातील नाची येथे तिचा आरंभ होतो आणि गिफूमध्ये शेवट. सहाव्यापासून नवव्यापर्यंतची चार स्थाने नारा प्रांतात आहेत. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी तोच. जे जोडकाम शासनांना २०१० मध्ये सुचले, ते यात्रेकरूंनी शतकांपूर्वी आपल्या पायांनी करून ठेवले होते.

आपली अष्टविनायक यात्रा याच जातीची. मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, महड आणि पाली रायगडात, तर सिद्धटेक भीमेकाठी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. मोरगावापासून आरंभ करून पुन्हा मोरगावी येऊन सांगता करावी, असा संकेत. या संकेताचे व्यावहारिक फळ असे, की आडवाटेवरचे सिद्धटेकही भाविक वगळत नाही. त्यावाचून यात्राच अपुरी राहते. आणि यात्रा एक असली तरी आठही गणेशांची नावे निराळी, कथा निराळ्या, स्थानमाहात्म्ये निराळी. एकाचेही वैशिष्ट्य दुसऱ्यात विरघळलेले नाही. प्रादेशिक पर्यटन संघाचा याहून उत्तम आराखडा कोणता सल्लागार देऊ शकेल?

जुनी यात्रा आणि नवी व्यवस्था यांची सांगड कशी घालावी, याचेही उदाहरण त्याच परिसरात आहे. वाकायामा प्रांतातील तानाबे हे नगर २००५ मध्ये पाच स्थानिक स्वराज्य संस्थांच्या विलीनीकरणातून मोठे झाले. कुमानो तीर्थांकडे जाणारी प्राचीन पायवाट तेथून जाते. २००४ मध्ये युनेस्कोने ती वाकायामा, नारा आणि मिए या तीन प्रांतांतील कीई पर्वतराजीच्या तीर्थस्थळांसह जागतिक वारसा म्हणून घोषित केली होती. विलीनीकरणानंतर पाच ठिकाणच्या पर्यटन संघटनांनी २००६ मध्ये एकत्र येऊन एक संस्था काढली. तिने भपकेबाज जाहिरातींपेक्षा साध्या कामांवर भर दिला. वाटेवरचे मार्गफलक एकसारखे केले, स्थळांच्या नावांचे लेखन निश्चित केले, डोंगरातील लहान घरगुती निवासांच्या चालकांना परदेशी पाहुण्यांचे आतिथ्य करण्याचे शिक्षण दिले आणि त्या निवासांच्या आगाऊ नोंदणीची सोयही पुढे स्वतःच केली. मोटारीतून उतरून पाच मिनिटांत परतणाऱ्या जथ्थ्यांपेक्षा चालत येणारा, रात्री गावात राहणारा यात्रेकरू तिने महत्त्वाचा मानला. डोंगरातल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी पाहुण्याचे ताट वाढले गेले, हे या संस्थेचे खरे यश.

हरणाचे बिस्किट

नारातील हरणे ही कासुगा मंदिरातील देवतेची दूत मानली जातात. हे मंदिर ७६८ मधले. हरणांची संख्या हजाराच्या वर असून १९५७ पासून त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा आहे. पर्यटक त्यांना जी बिस्किटे भरवितात, त्यांच्या गड्डीवर कागदी पट्टी असते. ही पट्टी हरणांची निगा राखणारी संस्था पुरविते आणि तिच्यापोटी मिळणारा पैसा त्याच हरणांच्या संगोपनासाठी खर्च होतो. पर्यटकाला कोणी व्याख्यान देत नाही, त्याच्यावर सक्ती करीत नाही. तो हौसेने एक गड्डी घेतो आणि नकळत त्या परंपरेच्या रक्षणाला हातभार लावतो. मूठभर माती घेऊन येणाऱ्याला सामावून घेणारी सम्राट शोमूची दृष्टी जणू या छोट्या पट्टीत उतरली आहे. पर्यटनाचा पैसा वारशाकडे परत कसा वळवावा, याचे हे सुटसुटीत उदाहरण.

अजिंठ्याच्या दारी

नाराचे आणि महाराष्ट्राचे नाते केवळ उपमेपुरते नाही. नारा प्रांतातील होर्यू-जी मंदिरातील भित्तिचित्रांची तुलना कलेचे अभ्यासक अजिंठ्याशी करीत आले आहेत. २६ जानेवारी १९४९ रोजी लागलेल्या आगीत ती चित्रे होरपळली. जपानी समाज त्या धक्क्याने हलला आणि दुसऱ्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा झाला. वारशाचे आगीपासून रक्षण करण्याचा दिवस म्हणून जपानमध्ये २६ जानेवारी पाळला जातो. पुढे १९९० नंतरच्या काळात अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि तेथील सुविधांसाठी जपानने भारताला कर्जरूपाने अर्थसाहाय्यही केले.

आता छत्रपती संभाजीनगराकडे पाहू. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही ठिकाणे १९८३ पासून जागतिक वारसा आहेत. वेरूळ शहरापासून तीस किलोमीटरच्या आसपास, तर अजिंठा सुमारे शंभर. देवगिरीचा किल्ला वेरूळच्या वाटेवर. वेरूळलाच घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग, अहिल्यादेवींनी जीर्णोद्धार केलेले. मालोजीराजांचे, म्हणजे भोसले कुळाचे गावही तेच. दक्षिणेला पैठण, नाथांचे आणि पैठणीचे. एवढी संपदा एका शहराच्या परिघात असताना कितीतरी प्रवासी शिर्डी, शनिशिंगणापूर, वेरूळ अशी एका दिवसाची धाव घेतात आणि काळोख पडण्याआधी परततात. नाराचेच दुखणे आपल्या अंगणात!

येथे करण्यासारखी कामे साधी आहेत. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. एवढी एक गोष्ट पाहुण्याला आधी नीट सांगितली आणि मधल्या संध्याकाळी पैठणचा हातमाग, नाथांच्या साहित्यावरील निरूपण किंवा देवगिरीचा इतिहास जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकण्याची सोय केली, तर एका दिवसाची धाव सहज दोन रात्रींचा मुक्काम होऊ शकते. अजिंठ्याला जळगाव जवळचे, शिर्डी दुसऱ्या जिल्ह्यात, लोणारचे सरोवर बुलढाण्यात. म्हणजे जिल्ह्यांची सीमा ओलांडून हातात हात घेतल्याशिवाय हा मार्ग पूर्ण होणार नाही. एकट्याने हे साधणारे नाही.

वर्गणी भरण्यापूर्वी

म्हणून कोणत्याही शहरापुढे असा प्रस्ताव आला तर सामील व्हावे. पण चार गोष्टी कागदावर आणूनच.

पहिली गोष्ट नावाची आणि निवेदनाची. आपल्या गावाविषयी काय छापले जाईल, वाटाडे काय सांगतील, यावर स्थानिक अभ्यासक आणि देवस्थाने यांची संमती असली पाहिजे. पूजेची वेळ ही पूजेची वेळ आहे; प्रवासी कंपनीच्या वेळापत्रकासाठी ती हलता कामा नये.

दुसरी गोष्ट मोजदादीची. किती माणसे आली याबरोबरच किती रात्री राहिली, हेही मोजावे. केवळ डोकी मोजणारा संघ शेवटी गर्दी आणि कचरा यांचाच वाटा आपल्या पदरात टाकील.

तिसरी गोष्ट परताव्याची. हरणाच्या बिस्किटासारखी एखादी तरी व्यवस्था हवी, जिच्यातून पाहुण्याचा पैसा घाट, बारव, वाडा, लेणे यांच्या देखभालीकडे थेट वळेल.

चौथी गोष्ट मुदतीची. सहभाग निवडक विषयांपुरता आणि ठराविक वर्षांसाठी असावा. मुदत संपली की हिशेब नागरिकांपुढे मांडावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

या चारही अटी घालण्याचा अधिकार शहराला प्राप्त होतो तो त्याने आपले घर आवरून ठेवले असेल तरच. स्वच्छ शौचालय, वाजवी भाडे घेणारा रिक्षावाला, शुद्ध भाषेतील फलक, स्त्रियांना निर्धास्तपणे फिरता येईल असा रस्ता या गोष्टी कोणताही संघ बाहेरून आणून देत नाही. त्या महापालिकेने आणि नागरिकांनीच करावयाच्या असतात.

अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती आहे. देव आला आणि दर्शन देऊन तासाभरात निघून गेला, यात समाधान मानायचे की त्याला रात्रभर राहावेसे वाटेल असे घर सजवायचे, हे आपणच ठरवायचे आहे. पुढच्या वेळी घरी पाहुणा येईल तेव्हा प्रत्येक कुटुंबाने स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा : दिवेलागणीनंतर आपल्या गावातले काय आपण त्याला अभिमानाने दाखवू शकतो? त्याचे उत्तर तयार असेल, त्या शहराने कोणत्याही संघात ताठ मानेने जावे.